घड्याळाचा मनोरा माझ्या पाठीमागून गेला

"डावीकडे बघा, शहरातला सगळ्यात जुना घड्याळाचा मनोरा!" असं चालक पुढून ओरडला तेव्हा मी गाडीच्या डाव्या रांगेत बसले होते. म्हणजे मनोरा थेट माझ्या पाठीशी. एकसष्टाव्या वर्षी मान जेवढी वळते तेवढी वळवली, तर एका दुकानाची पाटी दिसली. समोरच्या रांगेत भाचेसून होती. तिला विचारलं, "कसा आहे गं?" ती म्हणाली, "मावशी, मला तुमचंच डोकं दिसतंय."

पार्टी बाइकवर बसून शहर बघण्याबद्दल मला जे सांगायचंय त्यातलं निम्मं यातच आलं.

ज्यांनी ही गाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी: चार चाकांवर एक लांबट टेबल उभं केलंय असं समजा. त्याच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच उंच सीट, प्रत्येक सीटखाली पेडल. टेबलाच्या मधल्या पोकळीत पेले भरून देणारा मुलगा उभा. वर छत, मागे तीन-चार जण मावतील असा बाक, आणि पुढे स्टिअरिंगवर एक चालक. तो पेडल मारत नाही आणि पीतही नाही. बाकीचे समोरासमोर बसून पेडल मारतात आणि पितात. तुम्ही तोंड करून बसता एका दिशेला आणि गाडी जाते काटकोनात भलत्याच दिशेला, खेकड्यासारखी. पहिली पाच मिनिटं पोटात कसंतरी होतं. ज्यांना गाडी लागते त्यांनी आधी हलकं काहीतरी खाऊन बसावं, आणि दोन पेल्यांनंतर हे वाक्य आठवावं.

भाच्याच्या ऑफिसातली मंडळी होती, दोन सीट रिकाम्या राहत होत्या. "मावशी, तू चल. तुला प्यायचं नाही, फक्त पेडल मारायचं," असं आमंत्रण. मी पीत नाही, पण पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय. दहा माणसांच्या पायांवर दोन टनांची वस्तू कशी हलते ते बघायला मिळणार म्हणून गेले. सीट रिकाम्या राहिल्या तरी पैसे पूर्ण गाडीचे द्यावे लागतात हे मला नंतर कळलं, म्हणजे माझी जागा फुकट नव्हती, फुकट जाणारी होती. बुकिंग करणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावं. संपूर्ण गाडी घ्यायची की सीटप्रमाणे, आणि सीटप्रमाणे घेतली तर उरलेल्या जागांवर कोण अनोळखी येऊन बसणार.

आता यंत्राविषयी, कारण ते मला खरंच आवडलं. निघण्यापूर्वी मी वाकून खाली बघून घेतलं (चालकाला वाटलं माझं काहीतरी पडलंय). प्रत्येक पेडलची चेन एका सामाईक दांड्याला जोडलेली, त्या दांड्यावरून मागच्या चाकांना जोर. प्रत्येक सीटला स्वतंत्र फ्रीव्हील, त्यामुळे एखादा थांबला तरी बाकीच्यांचे पाय अडकत नाहीत. सोय उत्तम आहे. तिच्यामुळेच फुकटे निर्माण होतात. आमच्या रांगेत शेवटच्या सीटवर एक उंचापुरा तरुण होता. त्याचे पाय फिरत होते, पण त्याची चेन सैलच होती, म्हणजे जोर शून्य. दहावीच्या वर्गातही असे असायचे, वही उघडी आणि पेन हवेत.

घरी येऊन कागदावर मांडलं. सराव नसलेला माणूस गप्पा मारत पेडल मारतो तेव्हा साधारण 75 ते 100 वॅट देतो. दहा जणांचे 750 ते 1000. एक अश्वशक्ती म्हणजे 746 वॅट. थोडक्यात, दहा माणसं मिळून जेमतेम एक घोडा. रिकामी गाडीच टनाच्या आसपास, वर चौदा-पंधरा माणसं आणि बिअरचं पिंप, म्हणजे दोन टन धरा. सपाट रस्त्यावर ताशी आठ किलोमीटरने ती ढकलायला साडेसहाशे वॅटच्या आसपास लागतात, तेवढे आहेत. पण शंभर मीटरला दोन मीटर चढ आला, जो चालताना आपल्या लक्षातही येत नाही, की त्याच वेगासाठी दीड हजार लागतात. ते नाहीत. मग वेग आपोआप निम्म्यावर येतो, आणि शेजारून एक आजोबा कुत्र्याला घेऊन पुढे निघून जातात. आमच्या बाबतीत हे अक्षरशः घडलं. नदीच्या पुलावर चढताना कुत्र्याने मागे वळून आमच्याकडे पाहिलं.

बऱ्याच नव्या गाड्यांना मदतीला विजेची मोटर असते. आमच्या गाडीलाही होती, पण चालकाने ती पूल अर्धा चढेपर्यंत चालूच केली नाही. "तुमची मजा जाते," म्हणाला. माझी गेली नसती.

ही कल्पना नेदरलँड्समधली. हेंक आणि झ्वीर व्हान लार या भावांनी 1997 मध्ये पहिली गाडी बनवली, तीही एका पबमालकाला मिरवणुकीत भाग घ्यायचा होता म्हणून. हे समजल्यावर माझ्या डोक्यातलं कोडं सुटलं. मिरवणुकीतल्या रथावर बसणाऱ्याने बाहेरचं बघायचं नसतं, बाहेरच्यांनी त्याला बघायचं असतं. गाडीची रचनाच त्या कामासाठी आहे. पुढे कुणीतरी तिच्यावर 'शहरदर्शन' असं लिहिलं, एवढंच.

जर्मनीत तर हा प्रश्न सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेला होता. ही गाडी रस्त्यावर चालणारं साधं वाहन की आणखी काही? 2012 मध्ये उत्तर मिळालं: मुख्य हेतू प्रवासाचा नसून पार्टीचा आहे, म्हणून रस्ता अशा प्रकारे वापरायचा तर वेगळी परवानगी घ्या. न्यायाधीश गाडीवर बसले होते की नाही देव जाणे, पण डाव्या रांगेत बसले असते तर पहिल्या दहा मिनिटांतच निकाल दिला असता.

चालक बिचारा माहिती सांगत होता, मनापासून सांगत होता. पण त्याची पाठ आमच्याकडे, माइक नाही, आणि स्पीकर मात्र छताला चार. गाणं बंद करा असं मी दोनदा म्हटलं, तेव्हा माझ्याकडे बघून आवाज वाढवण्यात आला, कारण हात वर केलेला त्यांना नाचासारखा वाटला. दोन तासांत माझ्या कानावर शहराविषयी आलेली माहिती अशी: मनोरा जुना आहे, पूल त्याहून जुना आहे, आणि 'इथे पूर्वी' एवढं एक अर्धवट वाक्य. इथे पूर्वी काय होतं ते सिग्नल सुटल्यामुळे राहून गेलं.

शहर खरोखरच बघायचं असेल तर गाडीतली एकच जागा कामाची आहे: मागचा बाक. तिथे तोंड पुढे असतं, दोन्ही बाजू मोकळ्या, आणि पेडल नाहीत. म्हणजे घाम गाळणाऱ्याने शेजाऱ्याचे कान बघायचे आणि आरामात बसलेल्याने शहर. गुडघेदुखीचं कारण सांगून मी परतीच्या वाटेवर तो बाक मिळवला. गुडघे खरंच दुखत होते, खोटं बोलले नाही. बाक मिळाला नाही तर निदान जाताना एका रांगेत आणि येताना दुसऱ्या रांगेत बसा. परतीचा रस्ता तोच असेल तर मात्र बाजू बदलू नका, पुन्हा तेच दिसेल. (गाडी वळते, तुम्हीही वळता. विश्वास बसत नसेल तर पेन आणि खोडरबर घेऊन करून बघा.)

सीटची उंची हा माझा मोठा आक्षेप. मी पाच फूट एक इंच. सीट सगळ्यात खाली घेऊनही पेडल खालच्या टोकाला गेलं की चवडाच टेकायचा, टाच हवेत. वीस मिनिटांत पोटऱ्या भरून आल्या. दुसरं, चप्पल घालून जाऊ नका, माझी डावी चप्पल दोनदा निसटली आणि एकदा तिच्यासाठी अख्खी गाडी थांबवावी लागली. ओढणी, लांब स्कार्फ, सैल पायघोळ यांतलं काहीही नको. चेनवर पत्रा होता, पण पत्रा आणि दांडा यांच्यातली फट मी पाहिली होती, म्हणून ओढणी कमरेला घट्ट बांधून बसले.

आणि स्वच्छतागृह. यावर कुणी मोकळेपणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. दारू शरीरातलं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दाबते, त्यामुळे मूत्रपिंडं पाणी राखून ठेवत नाहीत, सोडून देतात. त्यात बिअर म्हणजे मुळात पाणीच. त्यात पेडल मारून तहान लागते म्हणून आणखी बिअर. दोन तासांची फेरी, गाडीवर सोय नाही, वाटेत थांबा एकच, आणि तो सव्वा तासाने. पाऊण तासानंतर गाणी कमी झाली आणि पेडलचा वेग वाढला. चालकाला वाटलं मंडळी रंगात आली. थांब्याशी गाडी पूर्ण उभी राहायच्या आत सहा जण उतरले. अशा गाडीतून उतरणं धोक्याचं आहे, पट्टे नसतात, सीट उंच, आणि उतरणारा शुद्धीत असेलच असं नाही. थांबे किती आणि किती वेळाने, हा बुकिंगच्या वेळचा पहिला प्रश्न असावा. गाणी कोणती वाजवता हा दुसरा.

सुरक्षिततेबाबत चालकाला पैकीच्या पैकी गुण देईन. ब्रेक त्याच्या एकट्याच्या हातात, आणि एक जण सीटवर उभा राहून फोटो काढू लागला तेव्हा त्याने गाडी बाजूला घेऊन शांतपणे सांगितलं, "तुम्ही बसेपर्यंत आपण इथेच." ही गाडी उंच आहे, माणसं वरच्या बाजूला बसतात, वजन वर राहतं. वळणावर वेग असेल किंवा सगळे एका बाजूला झुकले तर ती कलंडू शकते, हे त्याला ठाऊक होतं. पेले प्लॅस्टिकचे होते तेही बरंच, कारण एकदा ब्रेक लागल्यावर टेबलावरचे सगळे पेले रांगेने माझ्याकडे सरकत आले. जडत्वाचा इतका चांगला प्रयोग मला वर्गात कधी जमला नव्हता.

एका गोष्टीने मात्र मी अवघडले. आमच्या मागे गाड्यांची रांग लागली होती. जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत एका खिडकीत एक बाई लहान मुलाला खांद्यावर थोपटत उभी होती, आणि आमच्यातले चौदा जण तिच्या खिडकीखाली ओरडून गात होते. ॲमस्टरडॅमच्या रहिवाशांनी याच त्रासाला कंटाळून तक्रारी केल्या, आणि नोव्हेंबर 2017 पासून तिथल्या मध्यवस्तीत या गाड्यांना बंदी आली. ज्या देशात ही गाडी जन्मली त्याच्या राजधानीत! मला ती बंदी समजते. त्या बाईकडे बघून मी हात जोडले. तिने खिडकी लावून घेतली.

तरीही संध्याकाळ वाईट गेली म्हणाले तर ते खरं नाही. भाच्याच्या ऑफिसात एकमेकांशी फक्त ईमेलवर बोलणारी दोन माणसं समोरासमोर बसली होती, आणि पुलाच्या चढावर ती दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघून "एक, दोन, हं!" करत जोर लावत होती. चढ संपल्यावर सगळे असे ओरडले की जणू डोंगर सर केला, होता दोन मीटरांचा. इतकी वर्षं सहलींना मुलं नेली, पण बसमध्ये सगळ्यांची तोंडं पुढच्याच्या मानेकडे असतात. इथे दोन तास चेहरेच चेहरे. मी न पिता बसले होते आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. पेडल मारतेय ना, मग झालं.

म्हणून गुणपत्रिका दोन देते. शहरदर्शन: शंभरात वीस, तेही मागच्या बाकाचे. ओळखीच्या लोकांबरोबर घालवायची संध्याकाळ: पंचाहत्तर. अनोळखी गटात दोन सीट घेऊन जाणार असाल तर यातले तीस वजा करा. दुपारच्या उन्हात जाणार असाल तर जाऊच नका, छत फक्त डोक्यावर असतं आणि सूर्य बाजूने येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी पायी जाऊन मनोरा बघून आले. घड्याळ बंद आहे, पावणेचारावर थांबलंय. आमच्यापैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं, उजव्या रांगेतल्यांच्याही नाही.

भाचा पुढच्या वर्षीचं बुकिंग करतोय. "मावशी, या वेळी बाक तुझा," म्हणाला. मी हो म्हटलं, आणि थांबे किती ते आधी विचारून मला कळव असं सांगितलं. अजून कळवलेलं नाही.