इटलीचा शेवटचा आठवडा बोलोन्यात : आठ महिन्यांनंतर लिहिलेला अनुभव

एकवीस दिवसांपैकी पहिले चौदा ठरायला आम्हाला दोन रविवार पुरले: रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस. उरलेल्या सात दिवसांनी मात्र दीड महिना खाल्ला. नवऱ्याला आमाल्फीचा किनारा हवा होता. लेकीला पुलिया, तिथली गोल दगडी छपरांची त्रुल्ली घरं. मला सिसिली. मेस्सिनाच्या सामुद्रधुनीत आगगाडीचे डबे बोटीत चढवतात, ते बघायची माझी फार इच्छा होती. आईला विचारलं, तर ती एवढंच म्हणाली, "अगं, जिथे जिने कमी तिथे न्या."

आई एकाहत्तर वर्षांची. गुडघे दुखतात, पण रोज संध्याकाळी डोंबिवलीत दोन किलोमीटर चालते. आमाल्फीची गावं कड्यावर उभी आहेत आणि तिथे घरापासून समुद्रापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. पुलियातल्या लेच्चेहून मिलानला रेल्वेने आठ-नऊ तास लागतात, आणि आमचं परतीचं विमान मिलानच्या माल्पेन्सावरून होतं. म्हणजे जायला एक दिवस, यायला एक दिवस. सातातले दोन गाडीतच गेले असते. सिसिलीचं तर बोलायलाच नको. शेवटी नकाशावर मिलानपासून मागे मागे येत गेले आणि बोट बोलोन्यावर थांबलं. व्हेनिसहून वेगवान गाडीने दीड तास, मिलानला साधारण सव्वा तास. शहर सपाट, आणि सगळ्या दिशांना रेल्वे.

एक व्यवहाराची गोष्ट इथेच सांगते. शेंगेन व्हिसासाठी प्रत्येक रात्रीचा मुक्काम दाखवावा लागतो, त्यामुळे "शेवटचा आठवडा तिकडे गेल्यावर बघू" हे आपल्याला परवडत नाही. आम्ही सगळीकडे फुकट रद्द होणारी बुकिंगं घेतली होती. अर्ज करताना बोलोन्या पक्कं नव्हतं. पण कागदावर होतं आणि मग तेच राहिलं.

बोलोन्याची खरी चैन म्हणजे पोर्तिको. वरच्या मजल्याखालून जाणारी खांबांची पडवी. पण एका घराची नाही, रस्ताभर सलग. मध्ययुगात विद्यापीठामुळे माणसं वाढली, जागा पुरेना, म्हणून लोकांनी वरचे मजले रस्त्यावर पुढे काढले आणि खाली खांब दिले. १२८८ मध्ये शहराने नियमच केला की नवं घर बांधायचं तर पोर्तिकोसह. घोड्यावरचा माणूस खालून जाईल एवढी उंची हवी. आज सगळे मिळून ६२ किलोमीटर भरतात आणि २०२१ पासून त्यांतले निवडक भाग जागतिक वारशाच्या यादीत आहेत. हे आकडे मी आधी वाचले होते. त्यांचा अर्थ कळला तो दुसऱ्या दिवशी, जेव्हा तुफान पाऊस लागला आणि आई छत्री न उघडता घरापासून पियात्सा माज्जोरे या मुख्य चौकापर्यंत जाऊन भाजी घेऊन आली. एकटी. रोम आणि व्हेनिसमध्ये आम्ही तिला कुठेही एकटं सोडलं नव्हतं. परत आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

आठ महिन्यांनी मागे वळून पाहताना मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. चौदा दिवसांत तीनदा बॅगा भरल्या, तीनदा उपसल्या. शेवटच्या आठवड्यात आम्ही कपडे कपाटात ठेवले. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट असलेलं, स्वयंपाकघर आणि धुण्याचं मशीन असलेलं घेतलं होतं. रात्री खालच्या गल्लीत विद्यार्थ्यांचा दंगा दोन वाजेपर्यंत चाले. विद्यापीठाच्या बाजूला घर घेतलं तर हे होणारच, त्यामुळे झोप हलकी असणाऱ्यांनी स्टेशन आणि चौक यांच्या मधला भाग बघावा. आणि तारखा ठरवण्याआधी तिथल्या व्यापारी प्रदर्शनांचं वेळापत्रक जरूर पाहा. सप्टेंबरच्या अखेरीस टाइल्सचं मोठं प्रदर्शन भरतं, तेव्हा खोल्यांचे दर भलतेच चढतात. आम्ही ते संपल्यावर पोचलो. ४ ऑक्टोबरला शहराचे ग्रामदैवत म्हणावेत असे संत पेत्रोनिओ यांचा सण, तोही अनायासे मिळाला.

खाण्याबद्दल शाकाहारी लोकांना सविस्तर सांगायला हवं, कारण बोलोन्याला "ला ग्रास्सा" म्हणजे गुबगुबीत म्हणतात ते मांसाच्या जोरावर. तोर्तेल्लिनीच्या सारणात मांस असतं आणि ती मांसाच्याच रश्श्यात येते. आपल्याला हवी ती तोर्तेल्लोनी: आकाराने मोठी, आत रिकोत्ता चीज आणि पालेभाजी, वर लोणी आणि सेजची पानं. नावात एका अक्षराचा फरक, ताटात मोठा फरक. पियादिना नावाची भाकरी आणि तिगेल्ले नावाच्या छोट्या जाड पोळ्या दिसायला निरुपद्रवी, पण पारंपरिक कृतीत त्यांत डुकराची चरबी असते. त्या चरबीचा "स्त्रुत्तो" हा शब्द पाठ करून ठेवा. पार्मिजानो चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणाने बनतं. हे मी आईला सांगितलं, कारण न सांगता खायला घालणं मला पटत नाही. तिने ते सोडलं. मग तोर्तेल्लोनी मागताना प्रत्येक ठिकाणी "सारणात पार्मिजानो आहे का" हे विचारावं लागे, आणि बहुतेक वेळा असेच. म्हणून स्वयंपाकघर असलेलं घर हा या आठवड्याचा कणा ठरला. तूप आणि पेढे नेऊ नका. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. आम्ही तिथलं बिनमिठाचं लोणी आणून कढवलं. बांगलादेशी किराणा दुकानात मूगडाळ आणि हिरव्या मिरच्या मिळाल्या. भाजणी बरोबर होतीच. तीन आठवड्यांत आईने पहिल्यांदा पोटभर जेवलं ते त्या संध्याकाळी, थालीपीठ आणि ताजं तूप.

आता रावेन्ना. सात दिवसांतला एकच दिवस निवडायचा असेल तर हा. साध्या प्रादेशिक गाडीने तासाभराहून थोडा अधिक प्रवास, स्टेशनपासून सगळं सपाट. रोमन सम्राज्ञी गाल्ला प्लाचिदिया यांच्या नावाने ओळखली जाणारी पाचव्या शतकातली समाधी बाहेरून विटांची एक ठेंगणी खोली आहे. आत वाकून शिरलो. खिडक्यांना काच नाही, अलाबास्टर या अर्धपारदर्शक दगडाचे पातळ तक्ते आहेत आणि त्यांतून मधासारखा उजेड येतो. डोळे सरावले तशी वरची निळाई उमटत गेली: गडद निळं छत, त्यावर सोनेरी तारे, एकेक खडा पंधराशे वर्षांपूर्वी हाताने बसवलेला. आत थांबायला मोजकी मिनिटं देतात. आम्ही बाहेर आलो तेव्हा चौघांपैकी कोणीच बोलत नव्हतं. शेजारच्या सान व्हिताले चर्चमध्ये तशाच खड्यांच्या चित्रांत सम्राट जस्टिनियन आणि राणी थिओडोरा समोरासमोर उभे आहेत. थिओडोराच्या मागच्या बायकांची वस्त्रं आई कितीतरी वेळ न्याहाळत होती. "काठ बघ," म्हणाली, "एकीसारखा दुसरीचा नाही."

त्याच गावात महाकवी दान्तेची कबर आहे. फ्लोरेन्समध्ये सांता क्रोचेत आम्ही त्याचं भव्य स्मारक पाहिलं होतं. ते रिकामं आहे. फ्लोरेन्सने त्याला हद्दपार केलं आणि १३२१ मध्ये तो इथे वारला. नंतर फ्लोरेन्सने अस्थी मागितल्या, रावेन्नाने दिल्या नाहीत. कबरीवरच्या दिव्याचं तेल दर सप्टेंबरला फ्लोरेन्सकडून येतं. पहिल्या आठवड्यात पाहिलेली गोष्ट शेवटच्या आठवड्यात अशी पुरी झाली.

फेरारा अर्ध्या तासावर. किल्ला आणि सायकली, छान आहे, अर्धा दिवस पुरे. मोदेना राहिलं, कारण त्या दिवशी रेल्वेचा संप होता. इटलीत संप आधी जाहीर होतात. कामाच्या दिवशी सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ ठरावीक गाड्या धावतात, पण हे मला नंतर कळलं. त्या दिवशी आम्ही बोलोन्यातली सान लूका चर्चची टेकडी चढलो: ६६६ कमानी, जवळजवळ चार किलोमीटर, सगळं छपराखालून. आई चौकातून निघणाऱ्या छोट्या पर्यटक गाडीने वर आली. बोलोन्याचे जोडमनोरे पाहायचे म्हणून जाणार असाल तर लक्षात घ्या की कललेला गारिसेंडा धोकादायक झाल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये दोन्ही बंद केले. त्यामुळे दुसऱ्या, उंच असिनेल्लीच्या ४९८ पायऱ्या आम्हाला चढता आल्या नाहीत.

बोलोन्या स्टेशनबाहेर एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबवून ठेवलं आहे. २ ऑगस्ट १९८० ला त्या वेळी प्रतीक्षालयात बॉम्ब फुटला, ८५ माणसं गेली. भिंतीवर नावं आहेत, वयांसकट. मी ११ जुलै २००६ ला संध्याकाळच्या लोकलने घरी निघाले होते, मध्य रेल्वेवर. मुंबईतले ते साखळी स्फोट पश्चिम रेल्वेवर झाले. त्या भिंतीपुढे मी ती सगळी नावं वाचली. नंतर रोज गाडी पकडायला जाताना आम्ही तिथे क्षणभर थांबत असू.

समुद्र नव्हता, हे लेकीला अजून सलतं, आणि तिचं बरोबर आहे. पंधरा वर्षांच्या मुलीसाठी सातपैकी दोन दिवस रिमिनीच्या किनाऱ्यावर काढता आले असते, गाडीने तास-दीड तास. ती माझी चूक. आणखी एक: बोलोन्या स्टेशनात वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोल आहेत, तिथे पोचायला दहा-पंधरा मिनिटं हातात ठेवा. निघायच्या दिवशी आईला घेऊन आमची धावपळ झाली.

येत्या सप्टेंबरात माझी बहीण जाते आहे. तिचं परतीचं विमान रोमहून आहे, म्हणून तिला मी बोलोन्या सांगितलं नाही, ओर्व्हिएतो सांगितलं: रोमपासून साधारण सव्वा तास, आणि स्टेशनवरून वर गावात जायला फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी छोटी गाडी. तिच्या सासूबाईंचेही गुडघे दुखतात. आईने बहिणीला फोनवर स्वतःहून सांगितलं, "घरात लोणी कढवायला जाड बुडाचं पातेलं आहे ना, ते आधी विचारून घे."