मोठ्या खोलीसाठी कोणते स्पीकर घ्यावेत: जमिनीवर उभे राहणारे भरभक्कम टॉवर, एक मोठा सबवूफर की दोन मध्यम?

हिशेबासाठी आठ मीटर लांब, सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच खोली धरू. म्हणजे १४४ घनमीटर हवा, आणि ऐकणारा स्पीकरपासून साडेचार मीटरवर. छोट्या खोलीत छान वाजणारी स्पीकरची जोडी इथे आणून ठेवली की दोन तक्रारी ठरलेल्या असतात: आवाज पोचत नाही आणि बास पातळ वाटतो. ऐकायला एकच वाटल्या तरी या दोन वेगळ्या उणिवा आहेत, आणि त्यांच्यासाठी पैसा वेगळ्या ठिकाणी घालावा लागतो. पोचत नाही ही तक्रार मुख्यतः स्पीकरच्या संवेदनशीलतेची (एका वॉटला किती आवाज निघतो त्याची), तर बास पातळ ही तक्रार किती हवा हलवली जाते याची.

खोली पुढे जेवणघरात किंवा जिन्याकडे उघडत असेल, तर सबवूफरच्या (फक्त बास वाजवणाऱ्या वेगळ्या स्पीकरच्या) दृष्टीने ती सगळी जागा मोजायची. बासला पडदा किंवा कमान अडवत नाही.

आवाज पोचवणं: संवेदनशीलता की वॉट?

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. खोलीत भिंतींवरून परतणारा आवाज थोडी भरपाई करतो, त्यामुळे साडेचार मीटरवर १३ ऐवजी साधारण ९ डेसिबलची घट धरायला हरकत नाही. दोन स्पीकर मिळून ३ डेसिबल परत मिळतात. त्यावरून प्रत्येक स्पीकरला लागणारी ताकद अशी येते:

| संवेदनशीलता (१ वॉट, १ मीटर) | १०० डेसिबलच्या शिखरांसाठी | १०५ डेसिबलच्या शिखरांसाठी |
|---|---|---|
| ८६ डेसिबल | १०० वॉट | ३१५ वॉट |
| ८९ डेसिबल | ५० वॉट | १६० वॉट |
| ९२ डेसिबल | २५ वॉट | ८० वॉट |
| ९५ डेसिबल | १३ वॉट | ४० वॉट |

संगीतासाठी मधला रकाना बहुतेकांना पुरतो. शेवटचा रकाना सिनेमाच्या संदर्भ पातळीचा (चित्रपटगृहातल्या ठरलेल्या आवाजाचा) आहे, जिथे मुख्य चॅनेलची शिखरं १०५ डेसिबलपर्यंत आणि बास चॅनेलची ११५ पर्यंत जाऊ शकतात.

८६ डेसिबलच्या स्पीकरला ३१५ वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर जोडून प्रश्न सुटत नाही. पाच-साडेपाच इंची वूफरची (बास वाजवणाऱ्या कोनाची) व्हॉइस कॉइल, म्हणजे कोन हलवणारी तारेची गुंडाळी, एवढ्या ताकदीवर तापते, तिचा रोध वाढतो आणि वॉट वाढवले त्या प्रमाणात आवाज वाढत नाही. मोठी खोली असेल तर ९० डेसिबलच्या खालच्या स्पीकरकडे मी तरी वळणार नाही.

माहितीपत्रक वाचताना एक मेख लक्षात ठेवा. बहुतेक आकडे २.८३ व्होल्टवर दिलेले असतात. ८ ओहमच्या स्पीकरमध्ये तो १ वॉट होतो, ४ ओहममध्ये २ वॉट. म्हणजे ४ ओहमचा ९० डेसिबलवाला स्पीकर वॉटच्या हिशेबात ८७चाच.

दुसरी गोष्ट आवाज पसरण्याची. एवढ्या अंतरावर थेट येणाऱ्या आवाजापेक्षा परावर्तित आवाज जास्त असतो. वेव्हगाइड किंवा हॉर्न (भोंग्यासारखं तोंड) असलेले स्पीकर आवाज आवरून समोर टाकतात, म्हणून लांबून संवाद स्पष्ट कळतात. फरशी उघडी आणि भिंतीभर काच असेल तर मात्र आधी जाड गालिचा आणि पडदे, मग स्पीकर.

टॉवर विरुद्ध बुकशेल्फ आणि सबवूफर

दुकानात टॉवर शेजारी ठेवला की बुकशेल्फ (स्टँडवर ठेवायचा छोटा स्पीकर) खेळणं वाटतो, आणि निम्मे निर्णय तिथेच चुकतात. उंच पेटीत बसलेले वूफर किती मोठे आहेत ते बघा. साडेसहा इंची वूफरचं हवा ढकलणारं क्षेत्रफळ साधारण १३५ चौरस सेंटीमीटर. असे दोन वूफर प्रत्येकी ५ मि.मी. पुढे-मागे हलले, तर ४० हर्ट्झला १ मीटरवर जेमतेम ९५ डेसिबल मिळतात. १५ मि.मी. हलणारा सबवूफरचा एक बारा इंची ड्रायव्हर (पेटीतला हलणारा कोन) त्याच जागी ११० देतो. एक सप्तक खाली गेलं की तेवढ्याच आवाजासाठी चौपट हवा हलवावी लागते, त्यामुळे २० हर्ट्झला हेच आकडे ८३ आणि ९८ वर उतरतात. टॉवरचा पोर्ट (पेटीला ठेवलेलं हवेचं भोक) त्याच्या ट्यूनिंगपाशी, म्हणजे तो ज्या वारंवारतेला जुळवलेला असतो तिथे, थोडा हात देतो, पण त्याखाली दर सप्तकाला २४ डेसिबलची घसरण असते.

याहून मोठी अडचण जागेची आहे. स्टिरिओचं चित्र नीट उभं राहावं म्हणून टॉवर भिंतीपासून पुढे आणावा लागतो. तो १ मीटर पुढे आला की मागच्या भिंतीवरून परतणारी लाट ८६ हर्ट्झच्या आसपास थेट आवाजाला कापते, आणि नेमका तिथेच ड्रमचा आणि बास गिटारचा जोर असतो. सबवूफर भिंतीला चिकटवून ठेवता येतो, मग ही काटछाट त्याच्या पट्ट्याच्या कितीतरी वर जाते.

टॉवर आणि सबवूफर दोन्ही घेणार असाल, तर क्रॉसओव्हर (ज्याखालचा बास सबवूफरकडे जातो ती सीमा) बहुधा ८० हर्ट्झलाच बसेल. मग टॉवर ३५ हर्ट्झपर्यंत जातो यासाठी मोजलेले पैसे वाया. त्यापेक्षा साडेसहा ते आठ इंची वूफरचा, ९० डेसिबलच्या पुढचा स्टँडवरचा स्पीकर घ्या. जमीन तेवढीच अडते. ८० च्या खालचं काम काढून घेतल्यावर त्याचा वूफर कमी हलतो आणि वरचा आवाज जोरातही स्वच्छ राहतो.

नुसत्या टॉवरची बाजू एकाच परिस्थितीत भक्कम ठरते: फक्त संगीत ऐकायचं आहे, ३५ हर्ट्झखालचं काही नको, जास्तीच्या पेट्या आणि जोडण्या नकोत, आणि टॉवरमध्ये आठ-दहा इंची वूफर आहेत.

बंद पेटी की पोर्टेड?

छोट्या खोलीत बंद पेटीची शिफारस होते ती बरोबरच आहे. खोलीच्या सर्वांत खालच्या अनुनादाच्या (ज्या वारंवारतेला खोली स्वतः घुमते तिच्या) खाली खोली स्वतःच बास उचलायला लागते आणि बंद पेटीची दर सप्तकाला १२ डेसिबलची उतरण भरून निघते. चार मीटर लांब खोलीत हे ४३ हर्ट्झखाली सुरू होतं. आपल्या आठ मीटरच्या खोलीत ते २१ हर्ट्झखाली, म्हणजे जवळजवळ काहीच उरत नाही तिथे. खोली मदत करत नसताना पोर्टने ट्यूनिंगपाशी दिलेले काही डेसिबल सोडून देणं परवडत नाही. म्हणून एक किंवा दोनच सबवूफर घ्यायचे असतील तर मोठ्या खोलीत पोर्टेड.

त्याची किंमत म्हणजे आकार. १८-२० हर्ट्झला ट्यून केलेली बारा इंची पेटी चांगलीच मोठी असते. पेटी लहान आणि पोर्ट अरुंद असेल तर मोठ्या आवाजात पोर्टमधून फुसफुस ऐकू येते. ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही आणि तो सैरावैरा हलतो. तिथे हाय-पास फिल्टर (ट्यूनिंगखालचे स्वर अडवणारा) आत बसवलेला आहे ना, हे विचारून घ्या. चार सबवूफर ठेवायची तयारी असेल तर मात्र बंद पेटीचा विचार पुन्हा करता येतो.

लहान ड्रायव्हरचा बास ‘वेगवान’ असतो, हे ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं. बास रेंगाळतो तो बहुतेक वेळा खोलीत, ड्रायव्हरमध्ये नाही.

एक मोठा की दोन मध्यम

पंधरा इंची ड्रायव्हरचं क्षेत्रफळ साधारण ८२० ते ८५० चौरस सेंटीमीटर, दोन बारा इंचींचं मिळून १००० च्या आसपास. तेवढाच कोन हलत असेल तर नुसत्या हवेच्या हिशेबातही दोन मध्यम पुढे आहेत. खरा फायदा मात्र खोलीतल्या उभ्या लाटांवर, म्हणजे वर सांगितलेल्या अनुनादांवर होतो.

आपल्या खोलीत लांबीचा पहिला अनुनाद २१ हर्ट्झला, रुंदीचा २९ ला, लांबीचा दुसरा ४३ ला आणि उंचीचा ५७ ला. एकच सबवूफर कोपऱ्यात ठेवला तर तो हे सगळे छेडतो. एका सोफ्यावर बास अंगावर येतो आणि शेजारच्या खुर्चीत गायब होतो. दोन सारखे सबवूफर समोरच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर ठेवले, तर २१ हर्ट्झची लाट दोन्ही टोकांकडून परस्परविरोधी ढकलली जाऊन मरते. २९ हर्ट्झची छेडलीच जात नाही, कारण सबवूफर तिच्या शून्यबिंदूवर (जिथे तिचा दाब शून्य असतो तिथे) बसलेले असतात. ४३ उरते, तिला इक्वलायझरने (ठरावीक स्वरांचा आवाज कमी-जास्त करणाऱ्या साधनाने) खाली आणता येतं. हार्मनच्या टॉड वेल्टी यांनी २००२ मध्ये आयताकृती खोल्यांसाठी हेच मांडलं: समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर दोन, किंवा चारही भिंतींच्या मध्यावर चार, त्यापुढे संख्या वाढवून फारसा फरक पडत नाही.

बसायची जागा लांबीच्या बरोबर मध्यावर नको. मागच्या भिंतीपासून अडीच-तीन मीटर ठीक, भिंतीला पाठ लावून तर नकोच.

इक्वलायझरने उंचवटे कापता येतात, खड्डे भरता येत नाहीत. खड्ड्यात १० डेसिबल वाढवायचे तर दहापट ताकद लागते आणि तो खड्डा तसाच राहतो. म्हणून ऐकणारा एकटाच असेल आणि खुर्ची ठरलेली असेल, तेव्हाच एक मोठा सबवूफर शहाणपणाचा. तो खुर्चीच्या जागी ठेवून बास असलेलं गाणं चालू करा, मग भिंतीकडेने गुडघ्यांवर फिरत कुठे बास सगळ्यात सपाट ऐकू येतो ते शोधा, सबवूफर तिथे.

सध्या एकाचेच पैसे असतील, तर जो दुसरा तसाच नंतर मिळेल असा मॉडेल घ्या. बंद आणि पोर्टेड एकत्र जोडू नका. ट्यूनिंगपाशी दोघांचा फेज (लाटेच्या चढ-उताराची वेळ) वेगळा फिरतो आणि एकमेकांना कापण्याचे प्रकार सुरू होतात.

जोडताना नेमकं काय बिघडतं

रिसीव्हर (आवाजाची वाटणी करणारा होम थिएटरचा अॅम्प्लिफायर) क्रॉसओव्हर सांभाळत असेल तर सबवूफरच्या मागचं फ्रिक्वेन्सीचं बटण शेवटपर्यंत वर फिरवा किंवा एलएफई (बास चॅनेलचं) इनपुट वापरा. नाहीतर दोन फिल्टर एकावर एक बसतात आणि ८० च्या अलीकडे भोक पडतं. रिसीव्हरमध्ये मुख्य स्पीकर ‘स्मॉल’ निवडा. मोठा टॉवर आहे म्हणून ‘लार्ज’ ठेवलं की मुख्य चॅनेलचा बास सहसा सबवूफरकडे जातच नाही.

फेज जुळवायला ८० हर्ट्झचा स्वर स्पीकर आणि सबवूफर दोन्हींतून वाजवा आणि खुर्चीत आवाज सर्वांत जास्त होईपर्यंत फेज किंवा अंतराची सेटिंग बदला. दोन सबवूफर असतील तर आधी ते आपापसांत जुळवायचे, मग मुख्य स्पीकरशी. कानांवर विसंबण्यापेक्षा मोजणीचा यूएसबी मायक्रोफोन आणि आरईडब्ल्यू हे मोफत सॉफ्टवेअर घेतलं तर अंदाजपंचे काम वाचतं. क्रॉसओव्हर १२० वर नेला आणि सबवूफर पाठीमागे असेल, तर पुरुषी आवाजाचा खालचा भाग मागून येतोय असं वाटायला लागतं. तेव्हा तो ८० वर आणा.

मोठ्या खोलीत स्पीकरची वायर सहज १० मीटर होते. १ चौरस मि.मी.च्या तांब्याच्या वायरचा जाऊन-येऊन रोध ०.३५ ओहम, जो ४ ओहमच्या स्पीकरसाठी जास्त आहे. २.५ चौरस मि.मी.मध्ये तो ०.१४ वर येतो.

स्वयंचलित मोजणी झाल्यावर रिसीव्हरने सबवूफरची पातळी -१२ वर, म्हणजे तळाला नेऊन ठेवली असेल, तर त्याला आणखी खाली जायला जागा नव्हती आणि बास प्रत्यक्षात जास्तच वाजतोय. सबवूफरचं व्हॉल्यूम थोडं कमी करून मोजणी पुन्हा चालवा. आकडा तळापासून वर सुटलेला हवा.