साठीनंतरची सायकल: हुशार हँडल, बुटकी सीट की तीन चाकं?

नेदरलँड्समधल्या मराठी घरांत हा वाद ठरलेला. आईबाबा राहायला आले की आठवड्याभरात बाबा सायकल मागतात आणि "बाबा, पडलात तर?" सुरू होतं. बाबांचं म्हणणं, अख्खी नोकरी सायकलवर केली, आता काय शिकवता! दोघांचंही खरं आहे. सायकल येते, पण सत्तरीत मान पूर्वीसारखी वळत नाही, गुडघा तितका उचलत नाही आणि तोल गेल्यावर सावरायला उशीर होतो.

आकडेही काळजीत भर घालणारे आहेत. २०१७ साली त्या देशात २०६ सायकलस्वार दगावले, मोटारींतले २०१. सायकलवाल्यांचा आकडा तेव्हा पहिल्यांदाच वर गेला आणि त्यांतले जवळजवळ दोन तृतीयांश पासष्टीचे किंवा त्यापुढचे होते. गंभीर जखमींत तर मोटारीशी काही संबंध न येता आपले आपणच पडलेले जास्त. चाक कडेला घासलं, उतरताना पाय अडकला, थांबता थांबता कलंडले.

म्हणून दुकानात जाण्याआधी एवढं बघा: तोल नेमका कधी जातो? चढता-उतरताना, हळू चालवताना, की सगळाच वेळ?

हुशार हँडल

बातम्यांत गाजते ती हीच सायकल. डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठाने गझेल या सायकल कंपनीबरोबर २०१९ मध्ये तिचा नमुना दाखवला. कल्पना सोपी आहे. सायकल डावीकडे कलली की आपण नकळत हँडल डावीकडे वळवतो, चाकं अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. हे काम सेन्सर आणि हँडलच्या दांड्यातली छोटी मोटर करते, ताशी सुमारे ४ किलोमीटरपासून पुढे. अभ्यासकांनी बारकाईने गणित मांडलेली एक साधी सायकल साधारण १५ ते २२ किलोमीटर वेगात आपली आपण सरळ राहते; त्याखाली स्वाराला सतत सावरावं लागतं. वयस्कर माणूस पुष्कळदा याहून हळूच चालवतो. मागून कोण येतंय ते बघायला मान वळवली की हँडलही त्याच बाजूला जातं, तेव्हा ही मोटर खरी कामाला येईल.

पण सिग्नलला थांबलात की तिचा उपयोग संपला. चाक पुढे सरकत असेल तरच हँडल वळवून तोल सावरता येतो. शिवाय दाखवला तो नमुना होता, विक्रीचं मॉडेल नव्हे.

उभ्या जागी तोल धरायचा एक मार्ग म्हणजे जायरोस्कोप, सतत गरगर फिरणारं जड चाक. त्याचं वजन आणि बॅटरीची भूक सायकलला झेपणारी नाही. तोल सांभाळणाऱ्या यंत्रणांची खटपट मोटारसायकली आणि स्कूटरवर जास्त दिसते, ती यामुळेही असावी. यामाहाने २०२३ मध्ये ताशी ५ किलोमीटरखाली तोल धरणारी मोटारसायकल दाखवली. मुंबईच्या लायगर मोबिलिटीची तोल सांभाळणारी विजेची स्कूटर त्याच वर्षी ऑटो एक्स्पोत होती. कौतुक जरूर करावं, पण बाबांची सायकल त्यातून मिळत नाही.

बुटकी सीट

माझं मत इथे झुकतं. व्हॅन राम या डच कंपनीची 'बॅलन्स' सायकल घ्या. सीट खाली, पायडल जरा पुढे, मधला दांडा जवळजवळ जमिनीला टेकलेला. सीटवर बसल्या बसल्या दोन्ही तळपाय जमिनीवर सपाट टेकतात आणि पायडल पुढे असल्यामुळे पाय पुरेसा लांबही होतो. साध्या सायकलची नुसती सीट खाली केली तर हे साधत नाही. गुडघे छातीशी येतात आणि महिन्याभरात कुरकुरायला लागतात. ट्वेंटे विद्यापीठाच्या 'सोफी' या प्रायोगिक सायकलीत थांबताना सीट आपोआप खाली यायची आणि निघताना मोटर हात द्यायची. रोख तोच, चढण्या-उतरण्यावर.

तोटा म्हणाल तर चढावर उभं राहून पायडल मारता येत नाही. हॉलंडात चढ आहेत कुठे, पुलांचे सोडले तर?

मॉडेल कुठलंही घ्या, आपल्या लोकांनी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, पायाचा ब्रेक. पुष्कळ डच सायकलींत पायडल उलटं दाबलं की ब्रेक लागतो. आपली टांग मारायची सवय अशी, की आधी पायडल उलटं फिरवून वर आणायचं, त्यावर पाय ठेवून रेटायचं. इथे ते उलटं फिरतच नाही. पायडल खाली असेल तर निघताना एक पाय जमिनीवर, एक हवेत आणि मागे घंटा वाजवणारी रांग! हातब्रेकचं मॉडेल मागा. दुसरी, विजेची असेल तर पायाचा जोर मोजणारा सेन्सर हवा. नुसतं पायडल फिरतंय एवढंच ओळखणाऱ्या सेन्सरवर मोटर दचकून सुरू होते आणि ऐन निघतानाच हिसका बसतो. वजनही बघा, विजेची सायकल सहज २५ किलोच्या घरात जाते. ती कलंडायला लागली की हाताने धरणं अवघड.

तीन चाकं

पक्षाघातानंतर, कंपवातात किंवा आतल्या कानाच्या विकारात तोलाचा भरवसाच राहत नाही, तेव्हा तीनचाकीला पर्याय नाही. थांबली तरी पडत नाही, मागच्या टोपलीत भाजी मावते.

मात्र जुन्या सायकलस्वाराला ती सुरुवातीला फार छळते. दोनचाकीवर आपण अंग कलवून वळतो. ही कलतच नाही, फक्त हँडलचं ऐकते. रस्ता कडेला जरा उतरता असला की बाबांचं अंग सवयीने तोल सावरायला जातं, हात त्याच्या मागे जातो आणि सायकल गटाराच्या दिशेने निघते. वळणावर वेग जास्त असेल तर आतलं मागचं चाक उचलतं. मोकळ्या पार्किंगमध्ये चांगली तालीम झाल्याशिवाय सायकलमार्गावर नेऊ नका. उलट, ज्यांनी आयुष्यात सायकल चालवलीच नाही अशा कितीतरी आयांना हीच आधी जमते, कारण त्यांच्या अंगात दुसरी सवय मुरलेली नसते.

विजेची चांगली तीनचाकी हजारो युरोंची. नेदरलँड्समध्ये कायम राहणाऱ्यांनी महापालिकेकडे 'डब्ल्यूएमओ' या समाजसाहाय्याच्या डच कायद्याखाली चौकशी करावी, गरज पटली तर मदत होऊ शकते. पाहुणे आलेल्यांसाठी भाड्याची बघा.

तर ज्यांचं फक्त चढणं-उतरणं अडतं, त्यांनी हुशार हँडलची वाट न बघता बुटकी सायकल घ्यावी. हळू चालवताना थोडं डगमगत असेल तरीही तीच, कारण पाय टेकवायची सोय हातात आहे. तोलच उरला नसेल तर तीनचाकी, पण पैसे देण्याआधी इमारतीच्या तळघरातल्या सायकलखोलीचं दार टेपने मोजा. तीनचाकीची रुंदी पाऊण मीटरच्या आसपास असते आणि ती आडवी करून आत सरकवता येत नाही.