‘सिम’ला ए-प्लस हवाय: ‘सिम्स २’चं कॉलेज की ‘सिम्स ४’चं?

‘सिम्स’ म्हणजे माणसांची आयुष्यं चालवायचा कॉम्प्युटर गेम, आणि त्यातलं माणूस म्हणजे सिम. तो खेळणाऱ्यांत घर बांधणारे वेगळे, लग्नं जुळवणारे वेगळे. मला मात्र माझ्या सिमला कॉलेजात घालून तिचा निकाल वरपासून खालपर्यंत ए-प्लस करायला आवडतं. तुमचीही ओढ तीच असेल आणि सध्या कुठलं विद्यापीठ घ्यावं असा प्रश्न पडला असेल, तर हा आढावा तुमच्यासाठी आहे. मी दोन्हीकडे बरेच विद्यार्थी पास करवून घेतले आहेत आणि शेवटी एका बाजूला स्थिरावलो आहे. कोणत्या, ते पुढे येईलच.

हा प्रश्न आता विचारण्याचं कारणही आहे. ‘सिम्स २’चं ‘युनिव्हर्सिटी’, म्हणजे मूळ गेमला कॉलेज जोडणारा पॅक, २००५ सालचं. मधली काही वर्षं ते सरळ मार्गाने विकत मिळणं अवघड होऊन बसलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये, सिम्सच्या पंचविसाव्या वाढदिवसाला, ‘लेगसी कलेक्शन’ हा गेम आणि पॅकचा संच आला आणि ते पुन्हा विंडोजवर मिळू लागलं. दुसरीकडे ‘सिम्स ४’चा मूळ गेम ऑक्टोबर २०२२ पासून फुकट आहे, फक्त २०१९ चा ‘डिस्कव्हर युनिव्हर्सिटी’ पॅक वेगळा घ्यावा लागतो. म्हणजे दोन्ही वाटा खुल्या आहेत आणि दोन्हींना पैसे पडतात.

मधला भाऊ ‘सिम्स ३’, त्याचं ‘युनिव्हर्सिटी लाइफ’ २०१३ चं. पदवीला ४८ क्रेडिट, टर्म गेममधल्या एका आठवड्याची की दोन ते आपण ठरवायचं, आणि तिथे असेपर्यंत सिमचं वय वाढत नाही. वाईट अजिबात नाही. पण गेमच जड आहे, माझ्या मशीनवर तो कधी सलग चालला नाही, म्हणून तो बाजूला ठेवतो.

‘सिम्स ४’पासून सुरुवात करू, कारण बहुतेकांकडे आधी तेच असतं. ब्राइटचेस्टर हे गेममधलं गाव आणि त्यात दोन विद्यापीठं. युनिव्हर्सिटी ऑफ ब्राइटचेस्टर जुन्या दगडी इमारतींचं, कला आणि साहित्याकडे झुकलेलं. फॉक्सबरी इन्स्टिट्यूट काचेचं, विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांचं. विषय १३. प्रत्येक विषयाची ‘डिस्टिंग्विश्ड’, म्हणजे वरच्या मानाची, पदवी दोघांपैकी एकाच ठिकाणी मिळते. कॉम्प्युटर सायन्सची हवी असेल तर फॉक्सबरी, इतिहासाची हवी असेल तर ब्राइटचेस्टर. पदवीला १२ कोर्स, एका टर्मला जास्तीत जास्त ४, टर्म एका आठवड्याची. म्हणजे कितीही घाई केली तरी तीन आठवडे.

यातला प्रत्येक कोर्स स्वतंत्र असतो आणि ग्रेडचं सगळं गणित तिथेच आहे. वर्गाला जायचं, वर्ग झाला की त्या कोर्सचं होमवर्क करायचं, पुढचा वर्ग झाला की ते पुन्हा नव्याने. शिवाय कोर्सप्रमाणे कुठे टर्म पेपर, कुठे प्रेझेंटेशन, कुठे अंतिम परीक्षा. पेपर नुसता लिहून भागत नाही. तो पुन्हा पुन्हा सुधारून ‘एक्सलंट’ दर्जाला न्यावा लागतो. प्रेझेंटेशनच्या बोर्डाचंही तसंच.

मनापासून सांगतो, अभ्यासाची ही रचना खऱ्या कॉलेजच्या जास्त जवळची आहे. सिमची मनःस्थिती इथे खरोखर कामाला येते. ‘फोकस्ड’ असताना होमवर्क भराभर उरकतं. त्यासाठी आधी कॉम्प्युटरवर सिम्पीडिया चाळायला लावायचं किंवा बुद्धिबळाच्या पटासमोर चाली विचारात घ्यायला बसवायचं, मग पुस्तक उघडायचं. ‘रिसर्च अँड डिबेट’ हे नवं कौशल्य लवकर वाढवलं की पुढचं सगळंच हलकं होतं. प्रवेशाआधीच विषयाला लागणारं कौशल्य कमावून ठेवलं, उदाहरणार्थ कॉम्प्युटर सायन्सला प्रोग्रॅमिंग, तर प्रवेशही सोपा आणि ग्रेडही. इथे एक मोठी सोय अशी की सिम वसतिगृहात न जाता आपल्याच घरून शिकू शकते. आई स्वयंपाक करते, भावंडं भांडतात, आणि ती कोपऱ्यात होमवर्क करत बसते. असं घर ‘सिम्स २’मध्ये मिळत नाही.

‘सिम्स २’ची गोष्ट वेगळी. तिथे किशोरवयीन सिम घर सोडून विद्यापीठाच्या गावी जाते आणि ‘तरुण’ ही वयाची अवस्था फक्त तिथेच जगते. सिम स्टेट, ला फिएस्टा टेक आणि अकॅडमी ल तूर अशी तीन कॉलेजं, ११ विषय. चार वर्षं, आठ सेमिस्टर, प्रत्येक सेमिस्टर ७२ तासांचं आणि शेवटी परीक्षा. विषय लगेच निवडला नाही तरी चालतं, दुसरं वर्ष संपेपर्यंत मुभा असते. पास झाल्यावर चार नवी करिअर खुली होतात, त्यात कलावंताचं आहे आणि भुताखेतांचा माग काढण्याचंही.

ग्रेड कसा वाढतो? एक पट्टी असते. वर्गाला गेलात, ती भरते. पुस्तकाच्या कपाटापाशी बसून संदर्भ शोधलेत, भरते. असाइनमेंट केली, भरते. सेमिस्टरचा एकमेव टर्म पेपर लिहिलात, चांगलीच उडी मारते. सोबत विषयाला लागणारी कौशल्यं दर सेमिस्टरला थोडी थोडी वाढवावी लागतात. फिजिक्सवाल्याला लॉजिक हवंच, ते नसेल तर नुसत्या पुस्तकांनी ए-प्लस येत नाही. पण मेहनत कुठल्याही दारातून आत गेली तरी साठते त्याच एका पट्टीत, आणि ती डोळ्यांसमोर असते.

माझ्यासाठी निर्णय लागला तो इथेच, म्हणून या मुद्द्यावर थोडा रेंगाळतो.

‘सिम्स ४’मध्ये चार कोर्स घेतलेल्या माझ्या एका विद्यार्थिनीचा बुधवार सांगतो. दुपारी वर्गातून आली, पोटात भूक, अंगात थोडी ऊर्जा शिल्लक. इन्व्हेंटरी (सिमजवळच्या वस्तूंची यादी) उघडली तर चार कोर्सची चार होमवर्कची पुस्तकं ओळीने, दिसायला जवळजवळ सारखी. कुठल्याचा वर्ग आज झाला? कुठलं कालच झालं? गेम पॉज करून एकेकावर माउस नेऊन नाव वाचायचं. एक करायला लावलं, ते संपेपर्यंत ती उठून फ्रिजकडे निघाली. पुन्हा बसवलं. मग टर्म पेपर. तो लिहून झाला, पण दर्जा अजून वर न्यायचाय, आणि पूर्ण झाला म्हणजे जमा झाला असंही नाही, तो वेगळा सादर करावा लागतो. त्यानंतर दुसऱ्या कोर्सचं प्रेझेंटेशन, त्याचा बोर्ड मांडायला जागा. रात्र झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी या मुलीकडे पाहिलंच नव्हतं. मी यादी सांभाळत होतो. शेजारच्या खोलीत कोणी गिटार वाजवत होतं, कोणी कोणाच्या प्रेमात पडत होतं, आणि मी पॉजच्या बटणावर बोट ठेवून चार पुस्तकांची नावं वाचत होतो.

हा त्रास एका दिवसाचा असता तर बोललो नसतो. चार कोर्सच्या टर्ममध्ये तो रोज असतो. ग्रेड वाढवायचा म्हणजे सिमला अभ्यास करवायचा, इतकं मला मान्य आहे. पण इथे ग्रेड बहुतेकदा सिमच्या आळसामुळे घसरत नाही, आपल्या नजरेतून एखादी गोष्ट निसटते म्हणून घसरतो. हुशार, उत्साही, कौशल्यांनी भरलेली मुलगी, आणि तिच्या निकालात एक बी येतो तो एका कोर्सचं पुस्तक त्या दिवशी उघडायचं राहिलं म्हणून. मला हे तिच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

‘सिम्स २’मध्ये याच मुलीचा दिवस कसा असता? वर्गातून आली, खालच्या मेसमध्ये आचाऱ्याने मांडलेलं ताट उचललं, कपाटापाशी जाऊन असाइनमेंटला बसली. पट्टी वाढताना दिसते. बाजूला कोणी गप्पा मारायला आलं तर मारू द्याव्यात, कारण किती उरलंय हे एका नजरेत कळतं. पट्टी पूर्ण भरली की माझ्या अनुभवात त्या सेमिस्टरचा अभ्यास संपला. कौशल्यं जागेवर असतील तर मग परीक्षेला जायचं तेवढं बाकी. पहिल्याच दिवशी टर्म पेपर हाती घ्यायचा, दीड-दोन दिवसांत पट्टी भरायची, आणि उरलेला वेळ त्या मुलीचा. मैत्रिणी, लामाच्या वेशात फिरणारा कॉलेजचा मस्कॉट, पहिलं प्रेम, सगळं. कष्ट केले की मोकळा वेळ मिळतो, हा हिशेब मला फार आवडतो. ‘सिम्स ४’मध्ये मोकळा वेळ मिळतो तो काहीतरी सोडून दिलं की.

‘सिम्स २’मध्ये आडवाटाही आहेत. ‘इन्फ्लुएन्स’, म्हणजे दुसऱ्यांवरचं वजन, साठवून दुसऱ्या सिमकडून टर्म पेपर लिहून घेता येतो. कॉलेजातल्या गुप्त मंडळात शिरकाव झाला तर तिथल्या कॉम्प्युटरवरून ग्रेड बदलता येतात. मी त्या वापरत नाही, मला पट्टी स्वतः भरलेली आवडते. पण तुमची कथा एखाद्या लबाड पोराची असेल तर त्या रंगतदार आहेत खऱ्या.

आता दुसरी बाजू मांडायला हवी, कारण प्रत्येकाला खुपणारी गोष्ट वेगळी. ‘सिम्स २’मध्ये लोडिंगच्या पडद्यांना तोटा नाही. वसतिगृहातून वाचनालयात जायचं तरी पडदा. मुलगी कॉलेजला गेली की घरच्यांपासून तुटते, इकडचं घर होतं तिथेच थबकून राहतं आणि तुम्ही एका वेळी एकच बाजू खेळू शकता. एखाद्या कुटुंबाची पिढ्यान् पिढ्या चालणारी कथा रंगवत असाल तर हे खटकेल. ‘सिम्स ४’मध्ये घड्याळ सगळ्यांचं एकच चालतं, आजोबा म्हातारे होतात, धाकटा शाळेत जातो आणि ताई पदवी घेते, सगळं एकाच छपराखाली. तुमचा जीव कुटुंबात अडकला असेल तर माझी तक्रार तुम्हाला किरकोळ वाटू शकते, आणि तसं वाटणं रास्तच आहे.

वयाचा प्रश्न मात्र ‘सिम्स ४’कडे वळताना नीट पाहून घ्या. तिथे शिकतानाही वय वाढतं. आयुर्मानाचं सेटिंग ‘नॉर्मल’ असेल तर तरुणपण गेममधल्या २४ दिवसांचं, आणि चार-चार कोर्स घेऊन पदवी २१ दिवसांची. म्हणजे अख्खं तरुणपण अभ्यासात जातं. दोन-दोन कोर्स घेतले तर ग्रेड सुंदर येतात, पण सहा टर्ममध्ये ती मुलगी प्रौढ होऊनच बाहेर पडते. ‘सिम्स २’मध्ये आठ सेमिस्टरांचे प्रत्येकी ७२ तास जोडले तरी २४ दिवसच होतात, पण ते तिच्या पुढच्या आयुष्यातून वजा होत नाहीत. पदवी घेऊन घरी येते तेव्हा प्रौढपण पूर्ण शिल्लक असतं. हा फरक कागदावर छोटा दिसतो. खेळताना मोठा जाणवतो.

तेव्हा माझं म्हणणं असं. दिसायला देखणं, घरच्यांसोबतचं, खऱ्या अभ्यासक्रमासारखं काही हवं असेल आणि याद्या सांभाळायला तुम्हाला मुळातच आवडत असेल, तर ‘डिस्कव्हर युनिव्हर्सिटी’ घ्या, पैसे वाया जाणार नाहीत. माझ्यासारखं ग्रेडही हवा आणि त्या चार वर्षांतलं कॉलेजही जगायचं असेल, तर मी ‘सिम्स २’कडेच बोट दाखवेन. मी स्वतः नवी विद्यार्थिनी आता तिथेच पाठवतो.

‘सिम्स ४’च घ्यायचं ठरलं, तर एवढं करा. चार कोर्सचा मोह टाळून तीन घ्या. चार टर्म लागतील, पण रोजच्या यादीतून एक पुस्तक कमी होतं आणि तेवढ्यानेही फार सुटल्यासारखं वाटतं. आयुर्मान वाढवून ‘लाँग’ करा. टर्म पेपर आणि प्रेझेंटेशन पहिल्या दोन दिवसांतच ‘एक्सलंट’ला नेऊन लगेच सादर करून टाका, आठवड्याच्या शेवटावर ठेवू नका. आणि होमवर्क त्याच दिवशी, वर्गातून आल्या आल्या, जेवणाआधी.