होम लोन सेल्सची नोकरी : माझ्या कंपनीला पाचपैकी साडेतीन

कंपनीचं नाव लिहीत नाही, पगार अजून तिथूनच येतो. हाउसिंग फायनान्स कंपनी आहे, शाखा पिंपरी-चिंचवडमध्ये, आणि माझं काम होम लोनच्या फाइली आणायचं. आधी एका खाजगी बँकेसाठी हेच करायचो, तेही ऑफ-रोल. म्हणजे गळ्यात कार्ड बँकेचं, पगार भलत्याच एजन्सीचा.

या लाइनमध्ये नोकरी बदलणारा आधी इन्सेंटिव्हचा स्लॅब, म्हणजे किती लोनवर किती पैसे, ते विचारतो. स्लॅब कागदावर सगळ्यांचाच झकास असतो. माझं म्हणणं, क्रेडिट मॅनेजर कुठे बसतो ते आधी विचारा. फाइल आपण आणतो, पास तो करतो. बँकेत हा माणूस कुठल्यातरी हबमध्ये बसायचा, फोन उचलला तर नशीब. इथे तो आमच्याच शाखेत, काचेपलीकडे बसतो.

भोसरी एमआयडीसीत लेथवर जॉबवर्क करणारे एक काका होते. कामाला तोटा नाही, पण इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये (आयटीआर) दाखवलेली कमाई अगदीच किरकोळ. बँकेत ही फाइल लॉगिनलाच, म्हणजे दाखल करतानाच, माघारी आली असती. आमचा क्रेडिट मॅनेजर पीडीसाठी (गिऱ्हाइकाशी समोरासमोर चौकशी) स्वतः गाळ्यावर आला. विजेची बिलं मागितली, डिलिव्हरी चलनं चाळली, कोपऱ्यातल्या नव्या मशीनवर कर्ज कुणाचं ते विचारलं. मग काकांना बाजूला ठेवून कामगारालाच विचारलं, ‘दुसरी शिफ्ट असते का रे?’ लोन सँक्शन झालं. बँकेपेक्षा रेट चढा लागला, पण मोशीत फ्लॅट झाला आणि काकांनी शेजारच्या दोन गाळ्यांतली गिऱ्हाइकं दिली. तुमची ओळखपाळख अशा धंदेवाल्यांत असेल तर बँकेच्या नावाला भुलू नका. ओळखी हिंजवडीतल्या फॉर्म १६ वाल्या पगारदारांत असतील, तर बँकच बरी.

आता कापलेला दीड स्टार. पहिला अर्धा रेटसाठी. बँकांची नवी फ्लोटिंग होम लोन १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या बेंचमार्कला, बहुतेक ठिकाणी रिझर्व्ह बँकेच्या रेपो रेटला, जोडलेली असतात. आमच्यासारख्यांना ते बंधन नाही, पीएलआर, म्हणजे ज्यावरून लोनचा रेट निघतो तो मूळ दर, कंपनी स्वतः ठरवते. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला, तेव्हा आमचा रेट पळत वर गेला. २०२५ मध्ये फेब्रुवारी ते जून रेपो १ टक्क्याने उतरला, तेव्हा मात्र आमची चाल गोगलगाईची. गिऱ्हाईक का थांबेल? घरासाठी घेतलेल्या फ्लोटिंग लोनवर फोरक्लोजर चार्ज लागत नाही, त्यामुळे सरळ बीटी (बॅलन्स ट्रान्सफर) करून लोन घेऊन बँकेत जातं. वर्षाच्या आत गेलं तर आमच्याकडे क्लॉबॅक आहे, म्हणजे दिलेला इन्सेंटिव्ह परत घेतात. रेट ठरवायचा कंपनीने आणि वसुली माझ्या इन्सेंटिव्हमधून! हे कलम ऑफर लेटरमध्ये नव्हतं, इन्सेंटिव्ह पॉलिसीच्या पीडीएफमध्ये होतं. ती पीडीएफ जॉइन व्हायच्या आधी मागून घ्या.

दुसरा अर्धा डिस्बर्समेंटच्या, म्हणजे लोनचे पैसे सोडण्याच्या, नियमासाठी. पुनावळ्यात उभ्या राहणाऱ्या टॉवरमधला ६० लाखांचा फ्लॅट धरा. ८० टक्क्यांनी ४८ लाखांचं लोन सँक्शन होतं, पण बिल्डरला पैसे जातात मजल्याचा स्लॅब पडेल तसे. आपला इन्सेंटिव्हही तसाच तुकड्या-तुकड्यांनी. मध्येच नोकरी सोडली तर उरलेल्याचं श्रेय जागेवर येणाऱ्या नव्या पोराला. रिसेलच्या फाइलीत ही कटकट नाही, एका दमात पैसे सुटतात. म्हणून आमच्याकडचे जुने लोक टॉवरच्या साइटवर फिरकतसुद्धा नाहीत.

उरलेला अर्धा विम्यासाठी. लोनसोबत विमा विकायचं वेगळं टार्गेट आहे आणि मंथ एंडला साहेबांना तेवढंच आठवतं. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या लोनला केएफएस (लोनच्या मुख्य अटींचा कागद) द्यावा लागतो, त्यातल्या एपीआरमध्ये, म्हणजे सगळे खर्च धरून निघणाऱ्या वार्षिक दरात, विम्याचा खर्चही धरलेला असतो. गिऱ्हाईक तो आकडा बघून विचारतं, ‘अहो, तुम्ही तर कमी सांगितला होता?’ मी विमा ऐच्छिक आहे असं स्वच्छ सांगतो, टार्गेट हुकतं, बोलणी खातो.

कंपनीकडे वाटायला पैसा आहे का, हेही बघा. २०१९ मध्ये डीएचएफएल ही हाउसिंग फायनान्स कंपनी स्वतःच्याच देण्यांचे हप्ते थकवू लागली आणि नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळच बरखास्त केलं. एवढं मोठं नाव होतं ते. क्रेडिट रेटिंग नेटवर फुकट बघायला मिळतं, तेवढं इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री बघावं.

पेट्रोल किलोमीटरवर मिळतं, ठोक नाही, ही आमच्याकडची चांगली गोष्ट. तळेगाव-चाकण करणाऱ्याला त्याची किंमत कळते. शनिवार-रविवार सुट्टी मात्र विसरा, गिऱ्हाईक तेव्हाच घरी सापडतं.