जुलाबावरची ती पाच मिलीची बाटली: ४ स्टार, एक कापला तो बारीक छपाईचा

ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. बॅसिलस क्लॉसी नावाच्या जिवाणूच्या स्पोरची (स्पोर म्हणजे कवचात झोपलेला जिवाणू) ही बाटली आता बऱ्याच कंपन्या काढतात, आमच्या सोलापुरात सात रस्त्याला कुठल्याबी मेडिकलात जा आणि जुलाबावरची छोटी बाटली द्या म्हणा, हीच हातात पडते. पाच मिली, पाण्यासारखी जराशी गढूळ, हलवून प्यायची, वास नाही चव नाही, पोरं कुरकुर न करता पितात हा हिचा मोठा गुण. मी घेतो त्यात एका बाटलीत २०० कोटी स्पोर आहेत, बॉक्सवर दोन बिलियन लिहिलंय ते हेच.

पण रिव्ह्यू लिहायला बसलो त्याचं कारण वेगळंय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मध्यंतरी फोटो फिरला की बॉक्सवर नाव बॅसिलस क्लॉसी आणि गुगलला टाकलं तर येतंय शौचेला क्लॉसी, म्हणजे माल डुप्लिकेट, घेऊ नका. आणि जुलाबाच्या औषधाचं नाव शौचेला म्हटल्यावर अर्ध्या लोकांना तो जोकच वाटला, नुसती हसायच्या इमोजींची रांग. मी मायक्रोबायॉलॉजी शिकलेला माणूस, राहवेना बघा. नाव खरंय बे, जोक नाही. पुण्याचे मायक्रोबायॉलॉजिस्ट डॉ. योगेश शौचे यांच्या सन्मानार्थ ते ठेवलंय, आणि ठेवलं पण पुण्याच्याच लॅबमधल्या लोकांनी.

झालं असं की बॅसिलस ही जीनस, म्हणजे जिवाणूंचं एक घराणं, शास्त्रज्ञ कोहनने १८७२ ला केली आणि पुढची शंभर-सव्वाशे वर्षं जो जिवाणू दांडीसारखा दिसतो, स्पोर धरतो, हवेत वाढतो तो घाल बॅसिलसमध्ये असा कारभार चालला. त्यात खारट-क्षारयुक्त जागी राहणारेही घुसले. १९३४ ला वेडरने बॅसिलस अल्कलोफिलस सांगितला, मग १९६८ पासून जपानच्या होरिकोशींनी अशा क्षारप्रेमी जिवाणूंच्या मागेच लागून त्यांची एन्झाइम काढली. कपड्याच्या पावडरीत डाग खाणारी जी एन्झाइम असतात त्यातली बरीच याच मंडळींकडून आली, साबणाच्या क्षारी पाण्यात यांची एन्झाइम टिकतात म्हणून. १९९५ ला नील्सन, फ्रिट्झे आणि प्रीस्ट यांनी एका दमात नऊ नवीन क्षारप्रेमी स्पीशीज (जाती) मांडल्या त्यातला एक आपला क्लॉसी, जर्मनीच्या डीटर क्लाउस यांच्या नावाचा.

आता गंमत ऐका. इटलीत या स्पोरच्या बाटल्या गेल्या शतकापासून विकतायत आणि कित्येक वर्षं त्यावर नाव होतं बॅसिलस सबटिलिस! २००१ ला तपासणी झाली तेव्हा कळलं की आतले स्ट्रेन (एकाच जातीतले वेगवेगळे वाण) क्लॉसी आहेत. म्हणजे चुकीचं नाव खरं तर तेव्हा होतं, आत्ता नाही, हे ग्रुपवरच्या डिटेक्टिव्ह लोकांना कोण सांगणार.

मग जीनोम सिक्वेन्सिंग, म्हणजे जिवाणूचा सगळा डीएनए वाचणं, स्वस्त झालं आणि बॅसिलसची वाटणी सुरू झाली. २०२० ला कॅनडातल्या गुप्तांच्या ग्रुपने प्रोटीनमधल्या ठराविक जागी कुठं तुकडा जास्त कुठं कमी हे बघून सहा नव्या जीनस काढल्या, क्षारवाले बरेचसे गेले अल्कलीहॅलोबॅसिलसमध्ये. ते नाव लोकांच्या तोंडात बसायच्या आत २०२१ ला पुण्याच्या नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्सच्या टीमला लोणारच्या तळ्यातून एमईबी१९९ नावाचा स्ट्रेन मिळाला, लांबट, अँटिबायोटिक तयार करणारा. बुलढाण्याचं लोणार म्हणजे उल्केच्या खड्ड्यातलं खारं पाणी, पीएच दहाच्या आसपास, म्हणजे चांगलंच क्षारी. तो स्ट्रेन कुणाच्याच घरात नीट बसेना म्हणून त्यांनी अख्ख्या अल्कलीहॅलोबॅसिलसचे जीनोम शेजारी शेजारी ठेवून बघितले तर ते एक कुटुंब नव्हतंच. सात नव्या जीनस कराव्या लागल्या. लोणारवाला झाला अल्कलीहॅलोबॅक्टेरियम एलाँगेटम, होरिकोशींचा गाजलेला हॅलोड्युरन्स गेला हॅलअल्कलीबॅक्टेरियममध्ये, आणि क्लॉसी गेला शौचेलात. स्पीशीजचं नाव क्लॉसीच राहिलं, फक्त त्याच्या आधीचं जीनसचं नाव बदललं.

आता बॉक्सवर जुनं नाव म्हणजे फसवणूक का? माझ्या मते अजिबात नाही. जिवाणूंच्या नावांचा जो आंतरराष्ट्रीय कोड आहे तो नाव कसं द्यायचं एवढंच ठरवतो, कुठला जिवाणू कुठल्या जीनसमध्ये घालायचा हे शास्त्रज्ञांचं मत असतं आणि रीतसर प्रसिद्ध झालेलं जुनं नाव बाद होत नाही. आपण नाही का, धर्मवीर संभाजी तलाव नाव झालं तरी विजापूर रोडच्या रिक्षावाल्याला कंबर तलावच सांगतो, आणि तो पोचवतो पण बरोबर. नवीन नाव कंसात छापलं असतं तर चांगलं झालं असतं, एवढंच.

स्टार कापलाय तो स्ट्रेनसाठी. जीनस काय म्हणायची हा वाद चालू दे, पण औषध म्हणून काम करतो तो ठराविक स्ट्रेन. एका कंपनीचा स्ट्रेन ट्रायलमध्ये चालला म्हणून दुसऱ्याचा चालेलच असं नाही, आणि नेमका त्या स्ट्रेनचाच नंबर मी घेतो त्या बॉक्सवर सापडला नाही, आतल्या कागदावर भिंग लावून बघावं लागलं. भांडायचंच तर यावर भांडा की.

काम करतं का? स्पोर असल्यामुळे पोटातल्या ॲसिडमधून सुखरूप खाली जातो, बऱ्याच अँटिबायोटिकना दाद देत नाही म्हणून डॉक्टर कोर्सबरोबर देतात. अँटिबायोटिकने पोट बिघडलं तेव्हा आमच्या घरी आराम पडला, पण आराम आपोआप पडला असता का ते मी काय छातीठोक सांगू. लहान पोरांच्या जुलाबात आधी ओआरएस आणि झिंक, ही बाटली त्याच्या जागी नाही. आणि ज्यांची प्रतिकारशक्ती फारच कमी आहे, केमो वगैरे चालू आहे, त्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, अशा पेशंटच्या रक्तात हा जिवाणू सापडल्याच्या केसेस छापून आल्यात.

स्पोर उन्हाळ्याला तसे दाद देत नाहीत, तरी मे महिन्यात दुकानाच्या पत्र्याखाली तापलेल्या खोक्यातली घेऊ नका, आतल्या फडताळातली मागा. आणि टोपण पिरगाळून तोडायचं असतं, ते लई कडक आहे, दातानं तोडू नका.