क्यूएमके फर्मवेअर: दोनदा उमटणारा काना थांबला

मी गिरगावात राहते आणि फोर्टमधल्या एका ऑफिसात करारांची मराठी भाषांतरं करते. दिवसभर इनस्क्रिप्ट, म्हणजे देवनागरीचा प्रमाणित कीबोर्ड लेआउट. दोन पावसाळे काढल्यावर माझ्या मेकॅनिकल कीबोर्डचं ‘ई’चं बटण बिघडलं. इनस्क्रिप्टमध्ये तिथे काना असतो. एकदा दाबलं की दोन काने, दुसरा ठिपक्यांच्या गोलाला चिकटलेला. खोडून खोडून जीव मेटाकुटीला आला.

आधी विंडोजचं ‘फिल्टर कीज’ लावलं; तेच बटण ठरावीक अवधीत पुन्हा दाबलं गेलं तर ते दुर्लक्ष करतं. त्यातला कमीत कमी अवधी अर्ध्या सेकंदाचा. ‘ससा’ लिहिला की दुसरा स गायब, ‘ममता’चीही तीच गत. दुसरं सॉफ्टवेअर टाकायची ऑफिसात परवानगीच नाही.

मग क्यूएमके घेतलं. हे कीबोर्डचं फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या आतच चालणारा प्रोग्राम. मोफत आहे, ओपन सोर्स आहे, आणि थेट कीबोर्डच्या चिपमध्ये बसतं, त्यामुळे ऑफिसच्या मशीनला हातही लावावा लागत नाही. मात्र आपला कीबोर्ड त्यांच्या यादीत आहे ना, ते आधी बघा. झिजलेल्या स्विचचा संपर्क दाबताना तुटत-जुळत राहतो. क्यूएमके तो स्थिरावायची वाट पाहतं, मुळात 5 मिलिसेकंद. मी ते 25 केलं. काना सुधारला, पण भराभर लिहिताना शेजारशेजारची अक्षरं मागेपुढे व्हायला लागली. नेहमीच्या पद्धतीत सगळ्या बटणांचं घड्याळ एकच असतं, हे तेव्हा कळलं. ‘सिम डिफर पीके’ ही पद्धत निवडली, प्रत्येक बटणाला स्वतंत्र घड्याळ मिळालं आणि त्रास संपला.

तक्रार एकच. बटणांची जागा ‘व्हाया’ नावाच्या अ‍ॅपमधून चटकन बदलता येते, पण हा मिलिसेकंदांचा आकडा बदलायला फर्मवेअर नव्याने कंपाइल करावं लागतं, म्हणजे त्याच्या कोडपासून पुन्हा तयार करावं लागतं. माझा अख्खा रविवार त्यात गेला.

त्याच रविवारी एका रिकाम्या बटणावर ‘ऱ्या’ बसवला. एरवी त्याला शिफ्टसह जे, मग डी, तिरकी रेघ आणि ई असं सगळं दाबावं लागतं. ‘करार करणाऱ्या’, ‘दुसऱ्या पक्षाच्या’ असं दिवसभर लिहिणाऱ्या माणसाला विचारा हे केवढं सुख आहे! फर्मवेअर अक्षरं नाही, बटणांचे क्रमांक पाठवतं, म्हणून संगणकावर मराठी लेआउट चालू हवाच. इंग्रजी चालू असेल तर ‘ऱ्या’ऐवजी इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटते.

स्विच झिजलाय तो झिजलाच आहे. 25 पुरेनासं झालं की लॅमिंग्टन रोडला जाऊन बदलून घेईन.